ऑर्गन घ्यायचा तर कोणता?

दिवाळी झाली की साकोली तालुक्यात एकोडीकडच्या गावांमध्ये धान घरात यायला लागतं, मंडईच्या तारखा ठरतात आणि पानठेल्यांवर, एसटीच्या थांब्यांवर नाटकांची पोस्टरं लागतात. तिथून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम. मंडळ्या बहुतेक वडसा म्हणजे देसाईगंजच्या. गावं तिथे जाऊन नाटक ठरवतात, आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेच्या सुमाराला पडतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टी म्हणजे काय हे वाचकांना समजावून सांगितलं. इथल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. त्याला नट ठाऊक असतात, गाणी पाठ असतात, आणि रंगमंचाशी बसलेला ऑर्गनवाला कोण आहे हेही तो विचारतो.

तो ऑर्गन आता कुठून आणायचा, हा या लेखाचा विषय. आजोबांच्या काळातलं विलायती वाद्य शोधून दुरुस्त करून घ्यावं, की आज नव्याने घडवलेलं विकत घ्यावं? कीबोर्डचा पर्याय सगळ्यांना माहीत आहे आणि पुष्कळ मंडळ्यांनी तो घेतलाही आहे. पण ज्यांना भात्याचाच आवाज हवा आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर वाद्याच्या पोटात डोकावल्याशिवाय मिळत नाही.

हार्मोनियम पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने १८४०च्या दशकात पुढे आणला. त्याचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकेतल्या कारागिरांनी उलट रचना रूढ केली: भाता हवा आत ओढतो. बॉस्टनची मेसन अँड हॅम्लिन, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोची एस्टी अशा कंपन्यांनी या ओढीच्या वाद्याचे ढिगारे रचले. एकट्या एस्टीने १९६० साली बंद पडेपर्यंत पाच लाखांवर ऑर्गन बनवले. चर्चसाठी, शाळांसाठी, घरच्या दिवाणखान्यासाठी बनलेली ही वाद्यं बोटीने मुंबईला आली आणि मराठी नाटकवाल्यांच्या हाती लागली. १८८०च्या 'शाकुंतल'पासून संगीत नाटक उभं राहिलं, आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गन या रंगभूमीचा प्राण झाला. कारण सरळ होतं. हातपेटीचा एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनचा भाता पायाने चालतो आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात डाव्या हाताने खर्ज धरून उजव्याने गायकामागे जाता येणं ही केवढी मोठी सोय होती, हे आज मायक्रोफोनच्या जमान्यात चटकन लक्षात येत नाही.

आता पोटात. पायाखाली दोन पेडल असतात. ती आळीपाळीने दाबली की दोन छोटे भाते मोठ्या भात्यातली हवा उपसून बाहेर टाकतात. मोठ्या भात्यात स्प्रिंगा असतात. त्या त्याला पुन्हा उघडू पाहतात आणि म्हणून आत सतत ओढ राहते. पट्टी दाबली की तिच्याखालची झडप उघडते, आणि बाहेरची हवा पितळी रीडवरून आत धावते. रीड लाकडाच्या अरुंद खणात सरकवून बसवलेली असते. हवा ओढली जाणं, रीड खणात बंद असणं आणि तिच्या जिभेला दिलेला किंचित पीळ, या तिन्हींमुळे ऑर्गनचा स्वर पेटीपेक्षा गोल आणि मवाळ येतो. पीळ देणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. ते मापाने होत नाही, कानाने होतं. समोरच्या खुंट्या ओढल्या की रीडचे वेगवेगळे संच उघडतात, गुडघ्याने बाजूला रेटायच्या फळ्यांनी आवाज चढतो-उतरतो, आणि चांगल्या वाद्यात हवेवरच फिरणारा एक लहानसा पंखा असतो, तो स्वराला कंप देतो. पाच सप्तकांचा ६१ पट्ट्यांचा ऑर्गन आणि रीडचे दोन पूर्ण संच असले, तर आत १२२ रीड असतात.

जुन्या ऑर्गनची मोहिनी मला पूर्ण मान्य आहे. शंभर वर्षं वाजून मुरलेली पितळेची जीभ ज्या हळुवारपणे बोलू लागते, ते ऐकल्यावर माणूस किंमत विचारायचं विसरतो. पण हे वाद्य थंड मुलखातल्या लाकडाचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा त्याच्या फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि हवा गळू लागते. महिन्याभरात पाऊस लागतो, तेच लाकूड फुगतं, पट्टी खाली अडकते आणि बोट उचललं तरी स्वर चालूच राहतो. भात्याचं रबरी कापड घड्यांवर तडकतं. लोकरीचा नमदा कसर खाते, चामडं उंदीर खातात. त्यात मंडळीचा ऑर्गन म्हणजे रोज रात्री गाडीत चढणारा, उघड्या मंडपात माघाचं दव खाणारा आणि पहाटे पुन्हा दोरांनी बांधला जाणारा. बैठकीच्या खोलीत कोपरा धरून राहण्यासाठी बनलेल्या वाद्याला हे आयुष्य सोसत नाही.

म्हणून दुरुस्ती आलीच. आणि दुरुस्ती नीट झाली तर काय उरतं ते मोजून पाहावं. भात्याचं कापड नवं, चामडं नवं, नमदा नवा, स्प्रिंगा बहुधा नव्या, फुटलेल्या फळ्या बदललेल्या. जुनं म्हणून शिल्लक राहतं ते बाहेरचं खोकं, रीडचे खण आणि रीड. त्यातही स्वर कुठून येतो, तर रीड आणि तिच्या खणातून. या हिशेबाने 'जुना ऑर्गन' म्हणजे जुन्या रीड. त्या शाबूत असतील तर बाकीच्या खर्चाला अर्थ आहे. कुणीतरी आधीच खरवडून पातळ केल्या असतील, गंजून हिरव्या पडल्या असतील, निम्म्या बदलल्या असतील, तर केवळ नक्षीदार खोक्यासाठी पैसे मोजले जातात.

आणखी एक अडचण विकत घेणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. १८९१ नंतर अमेरिकी वाद्यकारांनी मधल्या सप्तकातल्या 'ए' स्वरासाठी सेकंदाला ४३५ कंपनं हे मान धरलं; त्याआधीचे काही ऑर्गन याहून चढे आहेत. १९३९ साली जगाने ४४० ठरवलं, आणि आजचा प्रत्येक कीबोर्ड कारखान्यातून ४४०वर लावून येतो. दोन्हींमधला फरक अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाएवढा. एकट्या ऑर्गनबरोबर गाणाऱ्याला तो कळणारही नाही. पण झाडीपट्टीच्या साथीत ऑर्गन आणि कीबोर्ड शेजारी बसतात, आणि तोच मधला 'ए' दोघांनी धरला की सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतात. कीबोर्ड खाली उतरवता येतो. ती सोय त्याच्यात असते आणि आधी तोच मार्ग धरावा. जुन्या रीडच वर चढवायच्या तर जिभेचं टोक कानशीने हलकेच झिजवावं लागतं. एवढा फरक पेलतो, पण १२२ वेळा हात थरथरता कामा नये.

नव्या ऑर्गनचं काम आपल्याच राज्यात झालं आहे. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याचे उमाशंकर दाते यांनी कोकणात बसून ऑर्गन नव्याने घडवला. पश्चिमेतल्या जुन्या कंपन्यांची दारं बंद झाल्यावर एका खेड्यात हे व्हावं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. कोकणात आणि गोव्यात गावोगाव हौशी संगीत नाटक होतं, म्हणून तिथे या वाद्याला गिऱ्हाईक राहिलं. झाडीपट्टीत तर व्यवसाय आहे, तिकीट आहे, हंगाम आहे. मग हे कौशल्य आपल्या चार जिल्ह्यांत का रुजू नये? हार्मोनियमच्या रीडसाठी गुजरातेतलं पालिताणा पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे, आणि लाकूड शोधायला आपल्याला कुठे जायचं आहे? इथलं सागवान इथलाच उन्हाळा पाहून वाढलेलं असतं. नवा ऑर्गन मंडळीच्या गाडीच्या मापाने, घडीचा, कमी वजनाचा करून घेता येतो, आणि तो ४४०वरच लावून मिळतो. उणीव एकच: हार्मोनियमच्या रीड तशाच बसवल्या तर आवाज पेटीसारखा कडक निघतो. जिभेला पीळ देणारा कान कारागिराकडे हवा.

हा पेच आपल्यापुरता नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे जगभर व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवरून हेच भांडण भांडतात. फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब १९६३ साली आला, आणि त्याची जुन्या रूपातली नवी आवृत्ती कंपनीने १९९३ साली काढली. मूळ यंत्रातली जोडणी हाताने केलेली, नव्यात छापील सर्किट. मूळ यंत्र अमेरिकेच्या ११७ व्होल्टसाठी बनलेलं, म्हणजे आपल्या २३० व्होल्टवर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणार. आतले कपॅसिटर सुकलेले, ते बदलावेच लागणार. तिथले जाणते वादकही शेवटी याच ठिकाणी येतात, की ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर मूळचे आहेत का ते पाहा, बाकीचं सगळं बदलण्यासाठीच असतं.

जुना ऑर्गन पाहायला गेलात तर वाजवण्याआधी सगळ्या खुंट्या बंद करा, पेडल मारून भाता पूर्ण ओढून घ्या आणि पाय उचला. तो सावकाश उघडत गेला तर ठीक. धपकन उघडला तर गळती आहे, आणि ती दुरुस्त होते, तेवढ्यावरून वाद्य नाकारू नका. मग एकेक खुंटी उघडून एकेक पट्टी खालपासून वरपर्यंत दाबा. स्वर बोलायला वेळ लागतो का, घरघर येते का, एखादा अगदीच मुका आहे का, हे लिहून काढा. मुकी रीड बहुधा धुळीने अडलेली असते, काढून साफ केली की बोलते. घरघर साफ करूनही राहिली, तर जिभेला तडा गेला असण्याची शक्यता असते. शेवटी मागची फळी काढायला सांगा. विकणारा कुरकुरला तर परत या. नवा घेताना याच्या जोडीला एक करा: ज्या पट्टीत तुमचे गायक गातात, काळी एक असो की काळी चार, त्या पट्टीत अर्धा तास सलग वाजवून पाहा आणि दुसऱ्याला मांडवाच्या टोकाशी उभं करा.

माझं मत असं. हंगामभर फिरणाऱ्या मंडळीने नवा ऑर्गन घ्यावा, आणि तो अशा कारागिराकडून घ्यावा ज्याच्यापर्यंत बिघाड झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोहोचता येईल. जुना ऑर्गन एका जागी राहणार असेल, संगीत शाळेत, वाचनालयात, एखाद्या जाणत्या वादकाच्या घरी, तर तो जरूर घ्यावा आणि निगुतीने दुरुस्त करावा. तिसरा मार्ग मला सर्वांत आवडतो: खोकं मोडकळीला आलेलं पण रीड चांगल्या असलेलं जुनं वाद्य मिळालं, तर त्या रीड आणि त्यांचे खण नव्या सागवानी अंगात बसवून घ्यावे.

त्यासाठी आधी ती वाद्यं हाती लागली पाहिजेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या ज्या घरांत, शाळांत किंवा बंद पडलेल्या मंडळ्यांच्या सामानात असा ऑर्गन पडून असेल, त्यांनी तो लाकडाच्या भावाने भंगारात देऊ नये. मागची फळी उघडा, रीड मोजा, एका तरी ऑर्गनवाल्याला बोलावून दाखवा, आणि त्यानंतरच काय करायचं ते ठरवा.