तिकिटावरची बारीक अक्षरं

(रेडिओ केंद्रावरून बुधवारी दुपारी झालेलं भाषण)

दुपारची भांडी-धुणी आटोपून रेडिओजवळ बसला असाल. आज आम्हाला आधी आमची एक चूक कबूल करायची आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी आम्ही एक कार्यक्रम केला होता. जुन्या पाकिटांवरची तिकिटं कात्रीनं कापून घ्यायची, कोमट पाण्यात भिजत टाकायची, सुटली की वर्तमानपत्रावर पालथी घालून वाळवायची आणि वहीत लावायची. रीत बरोबरच आहे, तिकिटं जमवणारे असंच करतात. पण कुठल्या पाकिटाला कात्री लावायची नाही, हे सांगायचं आम्ही विसरलो.

मागच्या महिन्यात पंचाहत्तरीच्या एक आजी आमच्या केंद्रावर आल्या. बरोबर नातू होता, त्याच्या हातात चित्रकलेची वही. "तुमचं ऐकून पोरानं केलंय बघा," आजी कौतुकानं म्हणाल्या. वहीत अकरा तिकिटं नीट ओळीनं चिकटवली होती. तिकिटं आपल्याच देशाची, आणे-पैच्या काळातली. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, दोन आण्यांच्या लालसर तिकिटावर नटराज. पण प्रत्येकावर काळ्या शाईत बारीक देवनागरी अक्षरं होती. भिंग लावून आम्ही वाचलं: "भारतीय संरक्षा कटक कोरिया".

आजींचे वडील फौजेत होते. त्या चार-पाच वर्षांच्या असताना ते आजारपणात गेले. आई शाळेत गेलेली नव्हती. पत्रं यायची ती गावातले गुरुजी वाचून दाखवायचे. पत्रात थंडी फार आहे, पोरीला सांभाळ, म्हशीला विकू नको, एवढंच असायचं. ठिकाणाचं नाव नसायचं. आजींनी जन्मभर एकच उत्तर ऐकलं, "तुझा बा लांब हुता." भाऊबंद तर म्हणायचे, कुठं लढाईबिढाई नाही, दिल्लीतच असणार कोठारावर. ते कोरियात होते, हे त्यांच्या लेकीला आज कळलं, आणि तेही तिकिटावरच्या चार शब्दांवरून.

आम्ही विचारलं, "आजी, पाकिटं कुठं आहेत?" नातू खाली बघायला लागला. पाकिटं चुलीत गेली होती. कंटाळा आला म्हणून दोनच शिल्लक राहिली होती.

तेव्हा आज ही दुरुस्ती. जुन्या ट्रंकेत पाकिटं सापडली तर तिकीट ओळखायचं कसं, हे आज पायरीपायरीनं सांगतो. वही-पेन्सिल घेऊन बसा.

पहिली पायरी: तिकीट टपालाचंच आहे ना, ते पाहा. जुन्या कागदांत महसुली तिकिटंही असतात. पावतीवर चिकटवून त्यावर सही करतात ती, किंवा कोर्टाच्या अर्जावर लावतात ती. सहीनं रद्द केलेलं तिकीट बहुधा महसुली, गोल शिक्क्यानं रद्द झालेलं तिकीट बहुधा टपालाचं. मात्र याला अपवाद आहेत. मराठवाड्यातल्या मैत्रिणींच्या घरी निजामाच्या काळातलं तिकीट निघालं, तर त्यावर इंग्रजीत "पोस्ट अँड रिसीट" असं लिहिलेलं असू शकतं. हैदराबाद संस्थानात ते तिकीट पत्राला आणि पावतीला, दोन्हीला चालायचं.

दुसरी पायरी: किंमत वाचा. काळ ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण. किंमत आणे-पैमध्ये असेल तर तिकीट १९५७ च्या आधीचं. त्या वर्षी १ एप्रिलपासून दशमान नाणी आली आणि तिकिटांवर "नये पैसे" आले. १९६४ मध्ये त्यातला "नये" गळला. म्हणजे नुसती किंमत वाचूनही पत्र आजीच्या लग्नाआधीचं की नंतरचं, याचा अंदाज येतो.

तिसरी पायरी हीच आजची खरी गोष्ट. तिकिटाच्या मूळ चित्रावर नंतर आणखी काही छापलंय का, ते बघा. याला ओव्हरप्रिंट म्हणतात, आपण वरछपाई म्हणू. सरकारला घाईनं वेगळं तिकीट लागलं की नवं चित्र काढायला, ठसा करायला वेळ नसायचा. मग तयार तिकिटं छापखान्यात पुन्हा एकदा चालवून वर चार अक्षरं उमटवायची. अक्षरं बारीक, शाई बहुतेक काळी, त्यामुळे गडद तिकिटावर ती शिक्क्याच्या डागासारखी दिसतात. म्हणूनच आपली नजर त्यावरून घसरते. खिडकीजवळच्या उजेडात धरा, भिंग नसेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा.

आता ही अक्षरं काय सांगतात?

आजींच्या तिकिटांवरचा "कटक" हा शब्द आपल्या जुन्या मराठीत सैन्यासाठी होताच. "संरक्षा कटक" म्हणजे युद्धकैद्यांना ताब्यात घेऊन सांभाळणारं सैन्य. कोरियातलं युद्ध १९५३ मध्ये थांबलं, तेव्हा बावीस हजारांहून जास्त कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांचं काय करायचं, हे ठरवायला तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं आणि ते जनरल थिमय्यांनी सांभाळलं. कैद्यांना सांभाळायला गेलेल्या भारतीय सैन्याचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. त्या जवानांना घरी पत्रं धाडता यावीत म्हणून आपल्याच तिकिटांवर ही चार अक्षरं छापली. १९५४ च्या सुरुवातीला काम संपलं आणि सैन्य परतलं. म्हणजे ही तिकिटं जेमतेम काही महिनेच वापरात होती.

पुढच्याच वर्षाची आणखी एक वरछपाई आहे. "अन्तर्राष्ट्रीय आयोग", आणि त्याखाली "कम्बोज", "लाओस" किंवा "वियत नाम". १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर या तीन देशांत शांतता पाळली जाते का, हे बघायला भारत, कॅनडा आणि पोलंड यांचे आयोग बसले. तिथल्या आपल्या माणसांसाठी ही तिकिटं होती. पुढे भारताच्या नकाशाचं चित्र असलेल्या नये पैशांच्या तिकिटांवरही हीच अक्षरं आली.

नकाशाच्या तिकिटावर इंग्रजीत "यू. एन. फोर्स (इंडिया) काँगो" असं दिसलं, तर घरातलं माणूस १९६२ च्या सुमारास आफ्रिकेत, काँगोमध्ये होतं. नेहरूंच्या १५ पैशांच्या तिकिटावर इंग्रजी चार अक्षरं "यू. एन. ई. एफ." दिसली, तर ते गाझापट्टीत होतं. ती वरछपाई १९६५ ची.

त्याहून जुनी, इंग्रज राजाच्या डोक्याची तिकिटं असतील, तर "आय. ई. एफ." ही अक्षरं शोधा. पहिल्या महायुद्धात परमुलखात गेलेल्या भारतीय फौजांसाठी १९१४ पासून ती छापली गेली. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. साताऱ्या-कोल्हापुरात आजही कुणाच्या पणजोबांचं असं पाकीट निघू शकतं. "सी. ई. एफ." असेल तर ती १९०० साली चीनला गेलेली फौज.

प्रत्येक वरछपाई फौजेचीच असते, असं मात्र धरू नका. इंग्रजीत "सर्व्हिस" असेल तर ते सरकारी कामाचं तिकीट. इंग्रजी आणि देवनागरीत "ग्वालियर" असेल तर ते शिंद्यांच्या संस्थानातलं. राजाच्या चित्रावर "बर्मा" असेल तर १९३७ मध्ये ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला, तेव्हाचं. आणि "पाकिस्तान" असेल तर दचकू नका. फाळणीनंतर त्या देशाची स्वतःची तिकिटं तयार नव्हती. आपल्या नाशिकच्या छापखान्यात राजाच्या तिकिटांवर ते नाव छापून तिकडे पाठवलं गेलं, आणि १ ऑक्टोबर १९४७ पासून ती तिकिटं तिथं चालली.

चौथी पायरी: शिक्का वाचा. टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर उमटतो. कात्री लावली की तारीख दुभंगते, आणि राहिलेला अर्धा कागद आपण फेकून देतो. लष्करी टपालाच्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं, "एफ. पी. ओ." आणि एक आकडा असतो. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणून ती सोय. ज्यांच्या घरचं माणूस फौजेत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, आपणही पत्त्यात ५६ ए. पी. ओ. किंवा ९९ ए. पी. ओ. एवढंच लिहितो. पण कुठल्या वर्षी कुठला आकडा कुठल्या ठिकाणचा, याच्या याद्या लष्करी टपालाचा अभ्यास करणाऱ्यांनी केलेल्या आहेत. म्हणून तो आकडा जपायचा. आजींच्या उरलेल्या दोन पाकिटांपैकी एकावर शिक्का स्पष्ट होता: डिसेंबर १९५३. "थंडी फार आहे" हे वाक्य कुठल्या थंडीबद्दल होतं, ते आम्हाला तेव्हा समजलं.

पाचवी पायरी: खरं की खोटं? वरछपाईची नक्कल करणं सोपं असतं. साधं तिकीट घ्यायचं आणि वर अक्षरं छापायची. गांधीजींच्या १९४८ च्या दहा रुपयांच्या तिकिटावर "सर्व्हिस" छापलेली फक्त १०० तिकिटं गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केली होती. तेवढ्यासाठी खोटी "सर्व्हिस" छापून विकणारेही निघाले. घरच्या घरी एक पारख करता येते. आधी वरछपाई होते, मग टपालात शिक्का बसतो. तेव्हा शिक्क्याची रेघ अक्षरांच्या वरून गेली पाहिजे. अक्षरंच शिक्क्यावर चढलेली दिसली तर शंका घ्या. न वापरलेल्या तिकिटाला ही पारख लागू पडत नाही. तिथं जाणकाराला दाखवावं, तिकिटांच्या छापील कॅटलॉगमधल्या चित्राशी अक्षराअक्षराचा मेळ घालावा. मोठ्या शहरांतल्या मुख्य टपाल कार्यालयात तिकीट-संग्राहकांसाठी वेगळी खिडकी असते. तिथं जमवणाऱ्यांची ओळख होते.

आता पैशाचं बोलू, कारण हा प्रश्न येणारच. कोरियाची किंवा लाओसची सुटी तिकिटं फार महाग नसतात. पण तेच तिकीट मूळ पाकिटावर, शिक्क्यासकट आणि पत्त्यासकट असेल, तर जाणकार त्याला जास्त मोल देतात. म्हणून दारावर आलेल्या भंगारवाल्याला किंवा "जुनी तिकिटं घेतो" म्हणणाऱ्याला ट्रंक उघडून दाखवू नका. आधी प्रत्येक पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. विकायचंच असेल तर दोन-तीन ठिकाणी दाखवून मगच ठरवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय काही विकू नका.

ठेवायचं कसं? हात कोरडे हवेत. सेलोटेप, स्टेपलर, फेव्हिकॉल यांपैकी काही नको. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सुटत नाही. बटर पेपरच्या पाकिटात घालून, ओल नसलेल्या जागी, डब्यात ठेवा. बरोबर एक चिठ्ठी ठेवा: हे कुणाचं पत्र, कुणाला आलेलं, कुठल्या ट्रंकेत सापडलं. ती चिठ्ठी आज तुम्हीच लिहू शकता, पन्नास वर्षांनी लिहायला माहीतगार माणूस उरणार नाही.

आजींच्या नातवाला आम्ही रागावलो नाही. त्यानं आम्ही सांगितलं तेच केलं होतं. त्या अकरा तिकिटांखाली आता त्यानंच वहीत लिहिलंय: "पणजोबा, कोरिया, १९५३." जाताना आजींनी दोन्ही पाकिटं पदरात गुंडाळून घेतली आणि म्हणाल्या, "भाऊबंदांना दावून येते आधी." मुलांना तिकिटं जमवू द्या, मैत्रिणींनो. कालपरवाच्या पाकिटांवरची खुशाल भिजवू द्या. पण ट्रंकेतल्या पाकिटाला कात्री लावायच्या आधी एकदा भिंग लावा, आणि काही वाचता आलं नाही तर पाकीट आहे तसं घेऊन आमच्याकडे या. आपण मिळून वाचू.