आधी छोटा तुकडा

नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे १८६०च्या दशकात जालन्याला आले. त्यांच्याभोवती जमलेल्यांत मांग-महार कुटुंबं बरीच होती. गावकुसाबाहेरची, बहुतेक भूमिहीन. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून शेषाद्रींनी जमीन मिळवली आणि शहराजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. धर्मांतराबद्दल मतं वेगळी असू शकतात, पण मराठवाड्यासारख्या कोरडवाहू मुलखात ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या वाट्याला पाणीही येत नाही, हे या माणसानं फार लवकर ओळखलं होतं.

जमीन आणि पाण्याचा हा धागा आज चर्चच्या कामात पुन्हा दिसतो. चर्चचे तरुण गट आज जगभर हवामान-न्यायाचे उपक्रम राबवतात आणि त्यांना छोटी अनुदानं मिळतात. रोपं लावणं, पावसाचं पाणी साठवणं, सौरदिवे बसवणं अशी ही कामं असतात. जागतिक चर्च परिषदेनं १९८३च्या व्हँकुव्हर अधिवेशनात न्याय, शांतता आणि सृष्टीची अखंडता हे तीन विषय एकत्र बांधले, तेव्हापासून ही वाट रुंदावत गेली. जालना जिल्ह्यात मात्र या विचाराचा माग काढायचा तर बांधबंदिस्तीकडे वळावं लागतं.

ती गोष्ट सुरू होते एका धर्मगुरूपासून. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. १९७२च्या दुष्काळात हजारो माणसं खडी फोडून पोट भरत होती. रस्ते झाले, पण शिवारातली माती पहिल्याच पावसात वाहून जात राहिली. बाखर यांच्या प्रयत्नांतून १९९०च्या सुमारास भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. पैसा जर्मन सरकारचा, वाटप नाबार्डमार्फत. १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. ती कुठल्याही धर्माची नव्हती, गावांसाठी होती.

या कार्यक्रमातली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे मोठा निधी गावाला पहिल्या दिवशी मिळत नसे. आधी एका छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायचं. श्रमदान करायचं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी मान्य करायची. गावाची समिती हिशेब ठेवू शकते का, भांडण मिटवू शकते का, हे त्या छोट्या रकमेतून कळायचं. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामं चालत. वर डोंगरउतारावर सलग समतल चर, खाली शेतात बांध, सगळ्यात शेवटी नाल्यावर बंधारे. जमिनीच्या प्रत्येक गटाचं नियोजन शेतात उभं राहून, शेतकरी नवरा-बायको दोघांच्या समोर होई.

जालना तालुक्यातलं कडवंची हे या पद्धतीचं सर्वांत ठळक गाव. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळानं १९९०च्या दशकाच्या मध्यापासून तिथं काम केलं. बरड शिवार द्राक्षबागांनी भरलं. २०१२च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून तोडाव्या लागल्या, तेव्हा कडवंचीनं बागा जगवल्या. बाहेरगावचे शेतकरी गाव पाहायला येऊ लागले.

पुढचा टप्पा तरुणांचा. भोकरदन-जाफराबाद भागात ‘वॉटर’नं गावातल्याच मुलामुलींना हाताशी धरलं आणि जलसेवक तयार केले. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मांडून गावाचा पाण्याचा ताळेबंद करायचा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, हे गणित दहावी झालेली मुलगी ग्रामसभेत समजावून सांगू शकते. त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. या कामाला पैसा थोडाच लागतो, हिंमत मात्र मोठी लागते. कारण ताळेबंद तुटीचा निघाला की गावातल्या बड्या बागायतदाराला पाणी कमी वापरा म्हणून सांगावं लागतं.

खरी अडचण इथंच आहे. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी विहिरी-बोअरच्या पाण्यानं भरली जातात. सगळ्यांच्या भूगर्भातलं पाणी एकाच्या तळ्यात चढतं आणि उन्हात उडून जातं. चराईबंदीची झळही आधी शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीन बाईला लागते. डोंगर हिरवा होतो, विहिरीला पाणी येतं, पण विहीर तिची नसते. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली शेतं खरवडून गेली, तेव्हा भरपाईच्या याद्या सातबाऱ्यावरून झाल्या. ज्यांची मजुरी बुडाली त्यांना सातबारा कुठून असणार?

बाखर २०२१ मध्ये वारले, पण आधी छोट्या तुकड्यावर काम करून दाखवायची ती रीत आजही वापरता येते. जालन्यातल्या एखाद्या चर्चच्या तरुण मंडळाला उद्या छोटं अनुदान मिळालंच, तर रोपवाटिकेच्या आधी त्यांनी गावच्या ताळेबंदाला एक रकाना जोडावा. बिनजमिनीची घरं किती, त्यांच्या शेळ्यांना चारा कुठला आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा हंडा कुठल्या विहिरीवर भरतो, एवढं त्यात लिहिलेलं असावं.