‘पेटीकोट कॅन्सर’ २०२४ ला व्हायरल झाला, पण डॉ. खानोलकरांनी मूळ प्रश्न १९४५ मध्येच विचारला होता

नोव्हेंबर २०२४ मध्ये एक बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरली. साडीच्या आत परकराची नाडी वर्षानुवर्षं घट्ट बांधल्यामुळे कमरेला कॅन्सर होतो म्हणे. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांच्या केसेस ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या जर्नलमध्ये मांडल्या होत्या आणि ‘पेटीकोट कॅन्सर’ हा शब्द ट्रेंडला आला.

बातमी खरी होती. पण या प्रकारचा कॅन्सर अतिशय दुर्मिळ आहे आणि ही कल्पनाही नवीन नाही. मुंबईतल्या एका पॅथॉलॉजिस्टने १९४५ मध्येच असा कॅन्सर नोंदवून ठेवला होता. तेव्हा तो पुरुषांमध्ये, धोतराच्या गाठीखाली सापडला होता.

त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. आणि ज्या कॅन्सरमुळे आजही आपल्याकडच्या हजारो बायका जातात, त्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कोडं सोडवण्यातही त्यांच्या कामाचा वाटा आहे.

आधी समजून घ्या, पॅथॉलॉजिस्ट म्हणजे कोण?

ठाण्यात किंवा डोंबिवलीत एखाद्या बाईची पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, तर स्त्रीरोगतज्ज्ञ एक छोटासा तुकडा काढून लॅबला पाठवतात. तिथे तो तुकडा मेणात बसवतात, त्याचे अतिशय पातळ काप काढतात, ते रंगवून काचेवर ठेवतात. मग जो डॉक्टर मायक्रोस्कोपमधून पाहून ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ असं लिहितो, तो पॅथॉलॉजिस्ट. पेशंट त्याला सहसा कधीच भेटत नाही. रिपोर्टच्या तळाशी त्याची सही असते, तेवढीच ओळख.

खानोलकरांचा जन्म १८९५ चा. लंडनला जाऊन त्यांनी पॅथॉलॉजीचं शिक्षण घेतलं, १९२३ मध्ये एमडी केलं आणि परत येऊन मुंबईच्या मेडिकल कॉलेजांमध्ये शिकवायला लागले. २८ फेब्रुवारी १९४१ ला परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली.

कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून आजही लोक हातात फाईल घेऊन लोकलने परळला उतरतात, तेच हे हॉस्पिटल. तेव्हाही तिथे देशभरातून पेशंट यायचे. त्यामुळे खानोलकरांच्या टेबलावर वेगवेगळ्या प्रांतांच्या, जातींच्या आणि धर्मांच्या माणसांच्या काचा येऊन पडत होत्या.

काच बघून ते एक जास्तीचा प्रश्न विचारायचे

कॅन्सर कुठला, हे काच सांगते. पण हा कॅन्सर याच माणसाला का झाला? त्यासाठी तो माणूस काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हे विचारावं लागतं.

१९४५ मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी सवयींशी जोडलेल्या तीन कॅन्सरवर पेपर लिहिला. चुट्टा पेटता भाग तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना टाळूचा कॅन्सर होत होता. ओठाखाली खैनी धरून ठेवणाऱ्यांना खालच्या ओठाचा. आणि धोतर घट्ट बांधणाऱ्यांना कमरेच्या कातडीचा.

म्हणजे कॅन्सर हा फक्त नशिबाचा फेरा नव्हता. काही कॅन्सरचं कारण रोजच्या जगण्यात सापडत होतं, आणि कारण सापडलं की तो टाळताही येऊ शकत होता.

मग बायकांच्या कॅन्सरकडे बघितलं तेव्हा काय दिसलं?

टाटाच्या नोंदी चाळताना एक गोष्ट ठळकपणे समोर आली. एकाच मुंबईत राहणाऱ्या, पण वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांना होणारे कॅन्सर वेगळे होते. पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त होता. हिंदू बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर पुढे होता.

शहर एकच, मग हा फरक कशामुळे? रक्तातून आला की राहणीमानातून?

हे नुसतं अंदाजावर सोडायचं नव्हतं. खानोलकरांनी एल. डी. संघवी यांच्यासोबत मुंबईतल्या आपापसातच लग्न करणाऱ्या सहा समाजांचा अभ्यास केला. रक्तगटासारखे सात आनुवंशिक गुण त्यांनी तपासले. १९४९ च्या सुमारास हे काम प्रसिद्ध झालं. आनुवंशिकता आणि सवयी यांचा हिशोब वेगळा मांडायचा तर आधी आनुवंशिकता मोजायला हवी, असा साधा विचार यामागे होता.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं नेमकं कारण मात्र तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. लहान वयात लग्न आणि जास्त बाळंतपणं झालेल्या बायकांमध्ये तो जास्त दिसतो, एवढं लक्षात येत होतं.

कारण सापडलं, पण ४० वर्षांनी

१९५२ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तिथे त्यांची विद्यार्थिनी होती पुण्याची कमल रणदिवे. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली तिने १९४९ मध्ये पीएचडी पूर्ण केली होती. पुढे ती अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये शरीराबाहेर पेशी वाढवायचं तंत्र शिकली आणि परत येऊन मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली.

गाय यांची ही लॅब जगप्रसिद्ध आहे ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमुळेच. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि याच लॅबमध्ये त्या वाढत राहिल्या. ‘हीला’ नावाच्या त्या पेशी आजही जगभर वापरतात.

१९८३-८४ मध्ये जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या टीमने गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये एचपीव्ही या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार शोधले. हीला पेशींमध्येही १८ नंबरचा एचपीव्ही निघाला. या शोधाला २००८ मध्ये नोबेल मिळालं.

आणि जुन्या नोंदींचा अर्थ लागला. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. लहान वयात लग्न म्हणजे लहान वयात संसर्गाची शक्यता. बहुतेक वेळा शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं. पण तो वर्षानुवर्षं टिकून राहिला, तर पेशी बिघडतात आणि कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात.

हीच १०-२० वर्षं म्हणजे बाईला वाचवायची संधी. खानोलकर मात्र हे बघायला नव्हते. १९७८ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

उत्तर महाराष्ट्रातल्या बायकांनीच दिलं

तपासणी केली तर खरंच जीव वाचतात का? याचे जगातले दोन मोठे पुरावे महाराष्ट्रातले आहेत.

पहिला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले.

दुसरा मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधला. इथे टाटाने महागडी मशीन नाही, तर व्हिनेगरमध्ये असतं तेच सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड वापरलं. ते गर्भाशयमुखाला लावलं की बिघडलेला भाग मिनिटाभरात पांढरा दिसतो. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी ही तपासणी केली. सुमारे दीड लाख बायकांच्या या अभ्यासात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांना तपासणी न देता फक्त माहिती दिली, यावर टीकाही झाली. पण एवढ्या स्वस्तात जीव वाचतो, हे सिद्ध झालं.

मग अडलंय कुठे?

२०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जणी दगावतात. दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ सांगतं की ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के जणींनी कधीतरी ही तपासणी करून घेतलीय. म्हणजे लेडीज डब्यात १०० बायका असतील, तर जेमतेम दोघी.

कारणं घरोघरी सारखीच. त्रास नाही, मग कशाला जायचं? लाज वाटते. डबा, ऑफिस, लोकल, मुलांचे क्लास यातून वेळ कधी काढायचा? पण हा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, आणि तपासणी असते ती त्रास नसतानाच करण्यासाठी.

सरकारी कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या बाईने दर ५ वर्षांनी ही तपासणी करून घ्यायला हवी. पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही टेस्टबद्दल जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनाही विचारता येतं. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं, दुर्गंधी असलेला स्राव, यातलं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरकडे जायचं. मुलींसाठी लस आहे, ९ ते १४ हे वय त्यासाठी सगळ्यात चांगलं. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या लशीला २०२२ मध्ये परवानगीही मिळालीय. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवायची नाही.

नाडी जरा सैल बांधा, हे ठीकच आहे. पण तो फॉरवर्ड आईला, काकूला, मावशीला पाठवला असेल, तर आता एक प्रश्नही पाठवा: गर्भाशयमुखाची तपासणी कधी केली होतीस?