हृदयात पंप, आतड्यात रक्तस्राव

हृदयाला पंप बसवलेल्या रुग्णाच्या कंट्रोलरवर ‘लो फ्लो’चा गजर वाजला की घरच्यांचं लक्ष आधी यंत्राकडे जातं. वायर सैल झाली का, बॅटरी उतरली का, पंपच बंद पडतोय का? फोनवरचे डॉक्टर मात्र विचारतात, ‘दोन-तीन दिवसांत शौचाला काळं झालं होतं का?’ कारण पुष्कळदा पंपात काही बिघडलेलंच नसतं. आतड्यात रक्त झिरपत असतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं, आणि तळाला गेलेल्या विहिरीवर मोटार जशी धापा टाकते तसा पंप रिकाम्या कप्प्याची भिंतच स्वतःकडे ओढू लागतो.

हा पंप हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याला जोडलेला असतो. डॉक्टरमंडळी त्याला ‘एलव्हॅड’ म्हणतात. कप्प्यातून रक्त घ्यायचं आणि मिनिटाला चार ते सहा लिटरच्या हिशेबाने महाधमनीत सोडायचं, एवढंच त्याचं काम. पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते आणि ती कंबरेच्या कंट्रोलरला व बॅटऱ्यांना जोडलेली असते. प्रत्यारोपणासाठी नंबर लावून थांबलेल्यांना तो तोवर जगवतो. वयामुळे किंवा इतर आजारांमुळे ज्यांना नवं हृदय मिळणारच नाही, त्यांना तो कायमचा बसवतात. तो आयुष्य वाढवतो यात शंका नाही. अमेरिकेतल्या ‘रीमॅच’ चाचणीचे निष्कर्ष २००१ साली आले. त्यात नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी वर्षाअखेर २५ टक्के रुग्ण जिवंत होते, पंप बसवलेल्यांपैकी ५२ टक्के. आजच्या ‘हार्टमेट ३’ पंपावर पाच वर्षांनीही ५८ टक्के रुग्ण हयात असल्याचं २०२२ च्या अहवालात दिसलं.

इतक्या मोठ्या संकटातून वाचलेला माणूस मग रक्त चढवून घ्यायला पुन्हा पुन्हा रुग्णालयात येतो, ही गोष्ट मला फार लागते. आणि ती विरळा नाही. साधारण चार रुग्णांमागे एकाला कधी ना कधी पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव होतो. एकदा झाला की तो पुन्हा होण्याची भीतीही मोठी.

‘रीमॅच’मधला पंप हृदयासारखाच ठोके देत रक्त ढकलायचा. तो मोठा होता, आवाज करायचा आणि झिजायचा. रक्त सलग ढकलणारा लहान पंप करायची कल्पना रिचर्ड वॅम्प्लर या अमेरिकन डॉक्टरला १९७६ साली इजिप्तमध्ये सुचली. तिथे नदीचं पाणी शेताला चढवण्यासाठी नळीत फिरणारा मळसूत्री स्क्रू वापरत होते, तो त्यांनी पाहिला. त्यातून घडलेला ‘हिमोपंप’ १९८८ मध्ये टेक्सासमध्ये पहिल्यांदा रुग्णाला लावला गेला. पुढे त्याच तत्त्वावरचा ‘हार्टमेट २’ आला आणि २००८ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेणारं पातं, झीज जवळजवळ नाही. रुग्णाच्या मनगटाला मात्र नाडी लागेनाशी झाली, आणि आतड्यातल्या रक्तस्रावाचं प्रमाण एकदम वाढलं.

पहिला संशय साहजिकच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर गेला. पंपात गुठळी होऊ नये म्हणून हे रुग्ण वॉर्फरिन आणि अॅस्पिरिन दोन्ही घेत होते. पण धातूची झडप बसवलेले असंख्य रुग्ण वॉर्फरिनवर वर्षानुवर्षं जगतात आणि त्यांच्यात इतका रक्तस्राव होत नाही. म्हणजे गोळ्यांच्या पलीकडे काहीतरी होतं.

ते कारण रक्तातच सापडलं. जखमेच्या तोंडाशी रक्तबिंबिका चिकटायला हव्यात, तर ‘फॉन विलेब्रँड फॅक्टर’ नावाचं प्रथिन लागतं. एरिक फॉन विलेब्रँड या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ साली रक्तस्रावाच्या एका आनुवंशिक आजाराचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. या प्रथिनाच्या साखळ्या जितक्या लांब तितकं ते कामाचं. एरवी त्या गुंडाळलेल्या असतात. पंपाच्या पात्याजवळून जाताना रक्तावर इतका ताण येतो की साखळ्या उलगडतात, आणि शरीरातलंच एक विकर उलगडलेली साखळी कापून टाकतं. पंप बसवल्यावर थोड्याच काळात जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या रक्तातल्या सर्वांत लांब साखळ्या घटतात. नवं हृदय बसवून पंप काढला की त्या परत येतात.

याची एक खूण वैद्यकशास्त्राकडे आधीपासून होती. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या वृद्धांना कारण न सापडणारा आतड्यातला रक्तस्राव होतो, असं एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी १९५८ साली एका छोट्या पत्रात लिहून ठेवलं होतं. अरुंद झडपेतून रक्त जोराने घुसतं तेव्हाही याच साखळ्या तुटतात, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. मधली पंचेचाळीस वर्षं त्या पत्राला पुरतं उत्तर नव्हतं. रुग्ण नीट पाहून लिहिलेल्या चार ओळींचं मोल मला इथे फार जाणवतं.

साखळ्या सगळ्यांच्याच तुटतात, मग रक्तस्राव काहींनाच का? त्यासाठी फुटायला नाजूक रक्तवाहिन्याही लागतात. या रुग्णांच्या जठरात आणि लहान आतड्यात वेड्यावाकड्या, पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्यांचे लाल ठिपके तयार होतात. ‘अँजिओडिस्प्लेझिया’ ते हेच. नाडीचा ठोका हरवल्याने आतड्यांना होणारा रक्तपुरवठा बदलतो, हे त्याचं एक कारण मानतात. शिवाय फॉन विलेब्रँड फॅक्टर रक्तवाहिन्यांच्या अनावर वाढीला आवरही घालतो. तो कमी पडला की एकीकडे वाहिन्या फुटायला तयार होतात आणि दुसरीकडे फुटलेली वाहिनी बुजवणाराही दुबळा झालेला असतो.

उपचारांतली खरी कसरत दुर्बिणीच्या खोलीत दिसते. रुग्णाला गुंगी द्यायची, पण बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र नाडीशिवाय नीट वाचन देत नाही. नेहमीच्या पट्ट्याने रक्तदाबही भरवशाचा मिळत नाही. मग दंडाला पट्टा बांधून, कोपराच्या आत डॉप्लर टेकवून, प्रवाहाचा आवाज परत कधी येतो ते ऐकत दाब मोजतात. भूलतज्ज्ञाशेजारी पंपाचा तंत्रज्ञ उभा असतो. जठरात आणि मोठ्या आतड्यात काही सापडलं नाही तर लहान आतडं उरतं, आणि ते मीटरच्या मीटर लांब. त्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देतात. जेमतेम अडीच सेंटिमीटरची ही कॅप्सूल आठ-दहा तासांत हजारो छायाचित्रं काढते. ती एकामागून एक पाहणाऱ्या डॉक्टरला अखेर एखादा ठिपका दिसतो. मग लांब दुर्बीण तिथवर नेऊन आरगॉन वायूच्या साहाय्याने तो जाळतात किंवा त्याला क्लिप लावतात. एवढं करूनही काही महिन्यांनी शेजारीच दुसरा ठिपका वाहू लागतो.

त्याच वेळी वॉर्फरिनचा निर्णय घ्यायचा असतो. थांबवलं नाही तर रक्त थांबत नाही, थांबवलं तर पंपात गुठळीची भीती. ही भीती कागदावरची नव्हती. ‘हार्टमेट २’मध्ये बसवल्यापासून तीन महिन्यांत गुठळी होण्याचं प्रमाण २०११ च्या सुमारास २.२ टक्के होतं, ते २०१३ च्या सुरुवातीपर्यंत ८.४ टक्क्यांवर गेलं आणि अनेक केंद्रांनी रक्त जास्त पातळ ठेवायला सुरुवात केली. म्हणून रक्तस्राव झाला की वॉर्फरिन काही दिवस थांबवतात, पण त्याचा उतारा असलेलं व्हिटॅमिन के जिवावर बेतल्याशिवाय सहसा भरपूर देत नाहीत. काही वेळा पंपाचा वेग थोडा कमी करतात, म्हणजे हृदयाचे स्वतःचे ठोके जरा वर येतात. वारंवार रक्तस्राव होणाऱ्यांना ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन देऊन पाहतात. कधी थॅलिडोमाइडही देतात. गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारं म्हणून कुप्रसिद्ध झालेलं हे औषध नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं, आणि इथे नेमकं तेच हवं असतं. मात्र त्याने गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो, त्यामुळे ते फार जपून वापरावं लागतं.

‘हार्टमेट ३’चं पातं चुंबकीय बलावर तरंगतं, भोवती रक्ताला जायला जागा मोठी असते, आणि दर दोन सेकंदांनी वेग कमी-जास्त करून तो कृत्रिम ठोकाही देतो. गुठळीचा धोका त्याने जवळजवळ घालवला. आतड्यातला रक्तस्राव कमी झाला, पण थांबला नाही. तेव्हा एक साधा प्रश्न विचारला गेला: या पंपासोबत अॅस्पिरिन हवीच कशाला? ‘एरीज’ चाचणीत नऊ देशांतल्या सहाशेवर रुग्णांपैकी निम्म्यांना अॅस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली. वॉर्फरिन दोन्ही गटांना होतंच. २०२३ च्या नोव्हेंबरात निकाल आला. अॅस्पिरिन न घेणाऱ्यांत मोठे रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, आणि गुठळ्या किंवा पक्षाघात वाढले नाहीत. माझ्या मते या विषयातली अलीकडची सर्वांत मोठी प्रगती हीच. त्यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. वर्षानुवर्षं सवयीने दिली जाणारी एक गोळी कमी झाली. मात्र ती रुग्णाने आपल्या मनाने बंद करायची नाही. कुणाला स्टेंट असतो, कुणाचा पंप जुना असतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच.

घरी लक्ष ठेवायच्या गोष्टी साध्या आहेत. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच, दम, चक्कर, पांढरा पडलेला चेहरा, किंवा लो फ्लोचा गजर, यांपैकी काही आढळलं तर त्याच दिवशी कळवावं. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, म्हणून ती चालू असेल तर तेही सांगावं. गुडघे किंवा डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. पालक-मेथी एकदम सोडू नये आणि एकदम भरपूरही खाऊ नये, कारण त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे वॉर्फरिनचा हिशेब बदलतो. आपल्याकडे झडप बदललेल्या, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर तपासत राहणाऱ्या हजारो घरांना हे पथ्य माहीत आहेच.

सर्वांत कठीण प्रसंग प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णावर येतो. नवं हृदय हाच त्याच्या रक्तस्रावावरचा पक्का इलाज. पण परक्याचं रक्त चढतं तेव्हा त्यातल्या पेशींविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि ती जितकी वाढतात तितकं जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं. म्हणून अशा रुग्णाला पांढऱ्या पेशी गाळलेलंच रक्त देतात, आणि हिमोग्लोबिन थोडं कमी असलं तरी माणूस स्थिर असेल तर रक्ताची पिशवी लावण्याआधी शिरेतून लोह देऊन पाहतात.