जवसाचे तेल, लाकडी मोगरी आणि नवी बॅट

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी उरकली की बांध्यांचे दोन उपयोग होतात. काही बांध्यांत धान उभे असतानाच लाखोळी किंवा जवस फेकलेला असतो. या उतेरा पद्धतीत नांगरट नाही, पाणी देणे नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक येते आणि थंडीत जवसाला निळी फुले लागतात. रिकाम्या राहिलेल्या बांधीत पोरे माती ठोकून पिच तयार करतात, धुऱ्याला बाउंड्री ठरवतात आणि टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. मोहाडी असो की लाखनी, साकोली असो की पवनी, बक्षिसाची रक्कम छापलेला फ्लेक्स चौकात लागतोच. शेजारच्या बांधीतल्या जवसाचा आपल्या बॅटशी काही संबंध आहे, हे मात्र खेळणाऱ्यांच्या गावी नसते. नव्या बॅटला जे तेल पाजायचे, ते जवसाचेच.

गावी नसते, कारण टेनिस बॉलला त्याची गरज पडत नाही. दुकानातून बॅट आणली, ग्रिप चढवली, की उतरायचे मैदानात. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्या आतबाहेर, पोकळ आणि रबराचा. लेदरचा चेंडू नियमाप्रमाणे 155.9 ते 163 ग्रॅमचा, आत बूच आणि घट्ट गुंडाळलेला दोरा, वर शिवणीचा उंचवटा. टेनिसच्या मारात चेंडू दबतो. लेदरच्या मारात लाकूड दबते. सगळा फरक इथे आहे.

विदर्भात या दोन चेंडूंमधले अंतर अनेकांनी उशिरा कापले आहे. सर्वांत ठळक उदाहरण उमेश यादवचे. नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळत होता. 2008 साली तो विदर्भाकडून रणजी खेळला आणि 2011 मध्ये भारताच्या कसोटी संघात आला. विदर्भाचा तो पहिला कसोटीपटू. तो गोलंदाज, म्हणून बॅटची झळ त्याला कमी बसली असेल. पण विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीन वेळा रणजी जिंकल्यावर लेदर बॉलचे वेड जिल्ह्या-जिल्ह्यांत गेले. वडिलांकडून हट्टाने घेतलेली नवी कोरी बॅट पहिल्याच नेटमध्ये कडेला चिरते, चिपली उडते, आणि शिव्या खातो दुकानदार. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

बॅटचे पाते विलोचे, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाचे. हलके, मऊ आणि चिवट लाकूड. इंग्लंडमध्ये हे झाड साधारण पंधरा-वीस वर्षांत तोडणीला येते. एसेक्समधली जे. एस. राइट अँड सन्स ही कंपनी 1894 पासून विलोच्या धंद्यात आहे, आणि इंग्लंडहून आलेल्या फाळक्यांच्या बॅटा मेरठ-जालंधरच्या कारखान्यांत घडतात. काश्मीर विलो त्यापेक्षा जड आणि टणक. दक्षिण काश्मीरमध्ये संगम, हलमुल्ला भागात महामार्गाच्या कडेला त्याच्या फळ्यांच्या थप्प्याच थप्प्या वाळत लावलेल्या दिसतात. बांबूचाही प्रयत्न झाला. 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी बांबूची बॅट करून दाखवली; पण नियम म्हणतो, पाते फक्त लाकडाचे. बांबू ठरला गवत, त्यामुळे क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने नकार दिला. पूर्व विदर्भातल्या बांबूसाठी क्रिकेटचे दार असे बंद राहिले. दांड्यात मात्र वेत चालतो.

कारखान्यात पाते रोलरखाली दाबून निघते. त्याने वरचे तंतू घट्ट होतात, पण रोलर फिरतो सपाट भागावर. कडा, खालचा टो आणि पुढच्या बाजूचे कोपरे कोवळेच राहतात, आणि चिरते ती बॅट नेमकी तिथे. उरलेले काम हाताने करावे लागते. त्याला खेळाडू नॉकिंग म्हणतात, काही जण सरळ बॅट ठोकणे म्हणतात. ‘प्री-नॉक्ड’ असा स्टिकर असलेली बॅट घेतली तरी तास-दोन तासांची ठोकाठोक चुकत नाही. स्टिकर चिकटवायला वेळ लागत नाही, तंतू बसायला लागतो.

आधी तेल. तेलघाणीवर मिळणारे कच्चे जवसाचे तेल, ज्यात घरी चटणी कालवतात तेच, बॅटला उत्तम. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. हवेतला प्राणवायू घेऊन हे तेल हळूहळू सुकते आणि लाकडात पातळ पापुद्रा धरते. चित्रकार तैलरंगात ते वापरतात ते याच गुणामुळे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल असे सुकत नाही. लाकूड नुसते चिकट होते. पेंटच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ अळशीचे तेल मात्र घेऊ नये. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात आणि त्याचा थर लाकडावर कडक बसतो. जवसाचा अभ्यास शोधायला दूर जावे लागत नाही: नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर वर्षानुवर्षे संशोधन चालू आहे.

तेल किती? चहाचा एक चमचा. मऊ फडक्याने पुढची बाजू, कडा, टो आणि पाठ यांवर पातळ हात फिरवायचा. दांडा आणि पात्यात तो जिथे बसवलेला असतो तो इंग्रजी व्हीच्या आकाराचा सांधा कोरडा ठेवायचा. तिथे तेल मुरले तर डिंक सुटतो. बॅट तोंड वर करून आडवी ठेवायची, उभी नाही, नाहीतर तेल सगळे टोकाला उतरते. दुसऱ्या दिवशी वरचे तेल पुसून पुन्हा एक हात. जास्त तेल म्हणजे जास्त ताकद, असा समज गावोगाव आहे. तेलात भिजलेली बॅट जड होते आणि चेंडू तिच्यावरून मेल्यासारखा जातो. आणखी एक: वापरलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते, आणि गोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून टाकावे.

मग मोगरी. खेळाच्या दुकानात तयार मिळते. सुताराकडून गोल तोंडाची करून घेतली तरी चालते. मधल्या भागावर अगदी हलके, एकाच जोराने ठोके द्यायचे. पहिल्या दहा मिनिटांत ठप-ठप असा बसका आवाज येतो आणि मोगरीचे बारीक ठसे लाकडावर दिसतात. हात बसला की जोर थोडा वाढवायचा. कडेवर सरळ मारायचे नाही. बॅट तिरपी धरून, मोगरी घसरती आणत, कडेची धार गोलसर करायची. अंगठा फिरवून पाहिला की कळते: कच्ची कड टोचते, ठोकलेली घसरते. टोच्या तळावर आणि पाठीवर मोगरी लावायची नाही. चार ते सहा तास लागतात, पण एका बैठकीत नव्हे. रोज अर्धा तास, आठ ते बारा दिवस. शेजारीपाजारी कंटाळतात, हे गृहीत धरावे.

झाली की नाही, हे जुना लेदर चेंडू सांगतो. मित्राने हाताने चेंडू टाकायचा, आपण हलके परतवायचे. शिवणीचा वण खोल उमटला तर पुन्हा मोगरीकडे. वण उमटेनासा झाला आणि आवाज कोरडा, टक्क असा यायला लागला, की जुन्या चेंडूवर दोन-तीन नेट, मग नवा चेंडू. टेनिस बॉलवर वाढलेली पोरे जिथे घाई करतात, ती ही जागा.

थोरामोठ्यांनी बॅटची निगा जाणत्या हातांवर सोपवली. मुंबईत अश्रफ चौधरी यांनी सचिन तेंडुलकरपासून विराट कोहलीपर्यंत अनेकांच्या बॅटा दुरुस्त केल्या. 2020 मध्ये ते आजारी पडले तेव्हा तेंडुलकर त्यांच्या मदतीला धावला. तयार बॅट दुसऱ्याच्या हातातही बोलते. 4 ऑक्टोबर 1996 रोजी नैरोबीत शाहिद आफ्रिदीने श्रीलंकेविरुद्ध 37 चेंडूंत शतक ठोकले, ती बॅट तेंडुलकरची होती. सियालकोटला तशीच बॅट घडवून घेण्यासाठी ती वकार युनूसकडे दिली होती. वकारने ती आफ्रिदीच्या हातात दिली.

भंडाऱ्याच्या हवेचा आणखी एक त्रास आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि कोरड्या हवेत लाकूड ओल गमावून ठिसूळ होते. पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर बॅट ठेवू नये. घरात पलंगाखाली बरी. पावसाळ्यात उलटे: ओल्या गवतावर टेकलेला टो पाणी पितो आणि फुगतो, म्हणून तळाला रबरी टो-गार्ड चिकटवून घ्यावे. पुढच्या बाजूला पारदर्शक पट्टी लावली असेल तर तिच्यावरून तेल लावून उपयोग नाही. उघड्या पाठीला तेवढा एक हात पुरतो. रोवणी सुरू झाली की सामने बंद पडतात आणि बॅट दसऱ्या-दिवाळीपर्यंत घरात राहते. त्या मुक्कामाआधी कडा नीट तपासाव्यात: केसाएवढी चीर दिसली तर तिच्यात फेव्हिकॉल भरून वर दोऱ्याची किंवा फायबरची पट्टी गुंडाळली, की पुढच्या हंगामात ती वाढत नाही.