चारकोपच्या दफ्तराचा मुकाबला

कांदिवली पश्चिमेस चारकोप म्हणून जी विस्तीर्ण वसाहत आहे, ती जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने १९८५ साली मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पाखाली म्हाडाने वसविली. जमिनीचे लहान लहान भूखंड पाडावयाचे, रस्ते, पाणी व मलनिःसारण यांची तजवीज आधी करावयाची, आणि मग ते भूखंड अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस देऊन त्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे व सवडीने त्यांवर घरे उभी करावयाची, अशी ती योजना होती. भूखंडधारकांच्या छोट्या छोट्या सहकारी गृहनिर्माण संस्था त्यातूनच निघाल्या. संस्था लहान असली तरी तिचे दफ्तर लहान असत नाही. कारण १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या दृष्टीने पाचशे सदनिकांची टोलेजंग इमारत आणि सेक्टरातील बैठ्या घरांची एक ओळ ही दोन्ही सारखीच. ‘आय’ नमुन्यातील सभासद-नोंदवही, ‘जे’ नमुन्यातील यादी, कीर्द, खतावणी, पावतीपुस्तके, सभांची इतिवृत्ते आणि दरसालचा लेखापरीक्षण अहवाल, एवढा सरंजाम दोघींनाही सांभाळावा लागतो.

अशाच एका संस्थेचे मानद चिटणीसपद माझ्याकडे आले, आणि संगणकाच्या आज्ञावली लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ते सारे दफ्तर एका खतावणीत आणून द्यावे, अशी अपेक्षाही त्याबरोबरच आली. पुनर्विकासाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न उपस्थित होतो तो सभासदत्वाचा, आणि दुसरा थकबाकीचा. आमच्याकडे पहिल्या काही वर्षांच्या वह्या हस्तलिखित होत्या. पुढची कागदपत्रे टायपिंग सेंटरमध्ये श्रीलिपी या फाँटसंचाच्या अक्षरांत टंकून घेतलेली. त्यानंतरचे हिशेब हिशेबनिसाच्या एक्सेल फाइलींत, आणि त्यांतही प्रत्येक हिशेबनिसाची तऱ्हा निराळी. एकच घर कोठे भूखंड क्रमांकाने, कोठे वसाहतीतल्या आर.एस.सी. रस्त्याच्या क्रमांकाने, तर कोठे नुसत्या ‘कोपऱ्यावरचे’ या शब्दाने नोंदविलेले. हस्तलिखित वह्या आम्ही दोघातिघांनी बसून उतरवून काढल्या; उरलेल्या कामासाठी मी संगणकावरील एजंटाचे साहाय्य घेतले, आणि ते काम तो कसे करतो हे जवळून पाहण्याचा योग आला.

२०२५ च्या फेब्रुवारीत क्लॉड कोड, एप्रिलमध्ये कोडेक्सचे टर्मिनलवर चालणारे रूप आणि जूनमध्ये जेमिनाय सीएलआय ही एजंट-साधने लोकांपुढे आली, तेव्हापासून आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायाची दैनंदिन रीत पालटली आहे. त्याआधीचा संगणकीय सहायक बहुधा प्रश्नाचे उत्तर देई आणि थांबे. एजंट मात्र फोल्डरातील फाइली स्वतः उघडून वाचतो, काय करावयाचे याचा मसुदा पुढे ठेवतो, आज्ञावली लिहितो, ती चालवितो, चालविताना आलेला त्रुटिसंदेश वाचून दुरुस्ती करतो, आणि काम तडीस गेले असे त्याचे मत होईपर्यंत हा क्रम सोडीत नाही. फाइल पुसणे किंवा नवे सॉफ्टवेअर बसविणे अशा कृत्यांपूर्वी तो परवानगी मागतो. ती न वाचता देण्याचा मोह दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासूनच होऊ लागतो, आणि तो आवरणे हे या कामातले पहिले शिस्तीचे कलम होय.

तथापि एजंट जे वाचतो ते त्याच्या मूळ कंपनीच्या दूरवरच्या सर्व्हरवर जाते, ही गोष्ट काम सोपविण्याआधीच ध्यानात घ्यावी लागते. सभासदांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि वारसांचा तपशील ही संस्थेकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात तिच्या संरक्षणाची तरतूदही आहे. म्हणून अस्सल फाइली मी निराळ्या ठेवल्या. एजंटापुढे नावे व क्रमांक बदललेली काही नमुना-पृष्ठे आणि केवळ सभासद-संकेतांकाने ओळखता येणारी आकड्यांची कोष्टके, एवढेच ठेवले, आणि त्याने सिद्ध केलेली आज्ञावली अस्सल कागदपत्रांवर मी स्वतःच्या हाताने चालवीत गेलो. यात वेळ जातो खरा. पण शेजाऱ्यांच्या माहितीचा सौदा आपल्या सोयीसाठी करण्याचा अधिकार चिटणिसास नाही.

श्रीलिपीच्या फाइलींचे प्रकरण सर्वांत रोचक ठरले. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान असले तरी आपल्याकडील टायपिंग सेंटरे त्यानंतरही पुष्कळ वर्षे जुन्या फाँटांवर चालली. त्या फाँटांत अक्षर म्हणजे एक चित्र. संगणकाच्या स्मृतीत त्या चित्राच्या जागी कुठलेतरी रोमन चिन्ह असते, आणि फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अर्थशून्य चिन्हांची रांग दिसते. एजंटाने वर्ड फाइलीच्या पोटातील फाँटाचे नाव शोधून काढले, कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर याचे कोष्टक बांधले, आणि ज्या कामासाठी मी पूर्वी कित्येक रात्री खर्ची घातल्या असत्या त्याचा पहिला खर्डा मी चहा घेऊन येईपर्यंत तयार ठेवला. तो खर्डा वाचला, आणि त्यात ‘कायार्लय’ होते, ‘वषर्’ होते, ‘मागर्’ होते.

मराठी संकेतस्थळांवर आणि सरकारी परिपत्रकांतही हे विद्रूप शब्द वाचकांनी पाहिलेले असतील. त्यांचे कारण असे. जुन्या फाँटांत चिन्हे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविली जातात, म्हणून ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी येतो आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, म्हणून इकार नंतर जावयाचा आणि रफाराचा अर्धा ‘र’ आधी यावयाचा. इकाराची व्यवस्था एजंटाने बरोबर लावली होती; रफार मात्र जागच्या जागी राहिला होता. मी त्याला मराठीतच लिहिले की, रफाराने मागचे संपूर्ण अक्षर, म्हणजे जोडाक्षर असल्यास सारे जोडाक्षर आणि त्यावरचा काना-मात्रा, ओलांडून पलीकडे गेले पाहिजे. त्याला ते समजले. त्याने नियम बदलला, आणि परीक्षेसाठी शब्द मागितले. तेव्हा मी ‘मूर्ती’, ‘शिर्के’, ‘ज्योत्स्ना’ आणि, इकार व रफार एकाच अक्षरावर येतात म्हणून मुद्दाम, ‘कर्णिक’ दिला. चारही उतरले. एका वाक्यात सांगितलेला व्याकरणाचा नियम क्षणार्धात चालत्या आज्ञावलीत रूपांतरित होताना पाहणे हा या व्यवसायातील माणसास खरोखर आनंद देणारा अनुभव आहे, आणि तो आनंद मला आजही तितकाच वाटतो.

पुढे युनिकोडमध्ये टंकलेल्या अस्सल यादीत एक सभासद दोनदा निघाला. आडनाव ‘कुऱ्हाडे’, दोन्ही ठिकाणी डोळ्यांस तंतोतंत सारखे. परंतु त्यातला ‘ऱ्ह’ एका टंकलेखकाने स्वतंत्र ‘ऱ’ वापरून उमटविला होता, आणि दुसऱ्याने साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. संगणकाच्या लेखी ती दोन माणसे. हे कारण मात्र एजंटाने, मी बनावट नावावर तोच प्रकार करून दाखविताच, स्वतःहून अचूक सांगितले. त्याच्या ज्ञानाचा पल्ला मोठा आहे, याबद्दल मला शंका उरली नाही.

शंका राहते ती त्याच्या गृहीतकांबद्दल. एक्सेल फाइलींतील पावत्यांच्या तारखा वाचताना त्रुटिसंदेश आला, तेव्हा त्याने तारखांचे स्वरूप संमिश्र असले तरी चालेल अशी सूट आज्ञावलीत घातली आणि संदेश बंद झाला. त्याचा परिणाम असा की, ५/४/१९९९ ही पाच एप्रिलची पावती अमेरिकन रीतीने चार मेची झाली; आणि २५/४/१९९९ ही मात्र, पंचविसावा महिना अस्तित्वात नसल्यामुळे, पंचवीस एप्रिलचीच राहिली. अशा चुकीचा उपद्रव तिच्या अर्धवटपणात असतो. सगळ्या तारखा बिघडल्या असत्या तर कोणाच्याही लक्षात आल्या असत्या. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्याच बिघडल्या म्हणजे वरवर पाहणाऱ्यास सारे सुरळीत दिसते. थकबाकीवरील व्याजाचीही तीच कथा. आदर्श उपविधींनुसार ते सरळ व्याज असते आणि त्या काळी त्याची कमाल मर्यादा दरसाल दर शेकडा २१ होती. उपविधींची प्रत फोल्डरात समोर होती, तरी एजंटाने दरमहा व्याज मुद्दलात मिळवून त्या बेरजेवर पुढचे व्याज आकारले. बँकांच्या हिशेबांत ती रीत रूढ आहे, आणि रूढ रीतीकडे त्याचा स्वाभाविक ओढा असतो. पंधरा-वीस वर्षांच्या थकबाकीवर या फरकाने एखाद्या सभासदाच्या डोक्यावर देणे नसलेले मोठे ओझे आले असते.

या दोन्ही चुका हाती लागल्या त्या एजंटाने स्वतः लिहिलेल्या चाचण्यांनी नव्हे. त्या चाचण्या सर्व उत्तीर्ण होत होत्या. ज्या समजुतीने आज्ञावली लिहिली, त्याच समजुतीने चाचणीही लिहिलेली, मग ती दुसरे काय सांगणार? चुका सापडल्या त्या कागदामुळे. काम सुरू करण्यापूर्वी मी लेखापरीक्षकाच्या सहीशिक्क्याच्या ताळेबंदांतून दरसालचे सभासदांकडील येणे एका वहीत उतरवून ठेवले होते, आणि ती तेरीज एजंटाला दाखविली नव्हती. खतावणी तयार झाली की प्रत्येक वर्षाची बेरीज तिच्याशी रुजू घालावयाची, एवढीच कसोटी. जुन्या कचेऱ्यांत अस्सलाशी नकलेचा मुकाबला केल्याखेरीज नकलेवर सही होत नसे. तीच ही पद्धत.

दुरुस्त्यांनंतर सारी वर्षे जुळली, एक सोडून. त्या वर्षाचा तेरजेतला आकडा मी एजंटाला सांगितला आणि तफावतीचे कारण शोधावयास सांगितले. थोड्या वेळाने बेरीज जुळली. अहवालाच्या शेवटी त्याने प्रामाणिकपणे एका ओळीत नमूद केले होते की, फरकाची रक्कम ‘समायोजन’ या नावाने जमा दाखविली आहे. ती ओळ न वाचता मी पुढे गेलो असतो, तर एका घराचे पैसे कायमचे निनावी झाले असते. ती नोंद मी काढून टाकली आणि वही घेऊन आमच्या जुन्या खजिनदारांकडे गेलो, ज्यांना सारा सेक्टर अण्णा म्हणतो. त्यांनी चष्मा पुसून आकडा पाहिला आणि ते म्हणाले, “अहो, त्या साली तो भूखंड वारसानं बाईंच्या नावावर झाला. पण पावत्या वर्षभर मालकांच्याच नावानं फाडत होतो आम्ही. ते दुसरं पावतीपुस्तक. कपाटात खालच्या खणात बघा.” पुस्तक तेथेच होते, आणि रक्कम पैशासह जुळली.

१९६० साली याच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हा त्याची स्मृती अवघ्या २०४८ शब्दांची होती, आणि त्याला काम सांगावयाचे तर यंत्राच्या सांकेतिक भाषेत शिरावे लागे. आज चारकोपच्या एका खोलीतून मराठी वाक्यात काम सांगता येते, आणि ते पुष्कळ अंशी उत्तम होते. हे सामर्थ्य मी मोलाचे मानतो. किंबहुना मानद पदाधिकाऱ्यांच्या बळावर चालणाऱ्या ज्या संस्थांना आज्ञावली लिहून घेणे कधीच परवडले नसते, त्यांना ते सर्वांत मोलाचे आहे. परंतु खतावणीखाली सही होते ती चिटणिसाची आणि खजिनदाराची. आणि ज्या कागदावर ती सही टिकावयाची तो कागद एजंटाच्या फोल्डरात नसतो.

म्हणून ज्यांच्या संस्थांचे दफ्तर अद्याप कपाटात आहे त्यांना माझी विनंती आहे: काम सोपविण्याआधी सहीच्या ताळेबंदांवरून दरसालची तेरीज हाताने उतरवून घ्या, अस्सल फाइलींची एक प्रत बाजूला ठेवा, सभासदांची नावे झाका, आणि आपल्या जुन्या खजिनदारांना भेटून त्यांना आठवते ते सारे लिहून काढा. आमच्या अण्णांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे.