उसाच्या रसातले फॉस्फेट

फॉस्फोरिक आम्ल हा रंग नसलेला, वास नसलेला आणि पाकासारखा दाट द्रव असतो. बाजारात तो बहुधा 85 टक्के तीव्रतेचा मिळतो. हे आम्ल व त्याचे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्याबरोबरचे क्षार मिळून खाद्य फॉस्फेटांचे कुटुंब होते. कोला पेयांचा झणझणीत आंबटपणा, बेकिंग पावडरीने फुगणारा केक, प्रक्रिया केलेल्या चीजचा एकजीव गोळा या सगळ्यांमागे या कुटुंबातले कोणी ना कोणी असते. बेळगाव-निपाणी पट्ट्यात मात्र फॉस्फेटाचे काम मुख्यतः उसाच्या रसात चालते.

दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आणि कृष्णेच्या काठचा हा प्रदेश उसाचा आहे. चिक्कोडी, संकेश्वर, निपाणी, उगार येथे साखर कारखाने आहेत. साखर तंत्रज्ञान शिकवणारी एस. निजलिंगप्पा साखर संस्था बेळगावातच आहे. कारखान्यांच्या जोडीला गुऱ्हाळेही चालतात. कारखाना असो वा गुऱ्हाळ, पहिली अडचण दोन्हीकडे एकच: घाण्यातून निघालेला रस गढूळ असतो. त्यात माती, मेण, प्रथिने, डिंकासारखे पदार्थ आणि रंगद्रव्ये मिसळलेली असतात, आणि यांतले बरेचसे इतके बारीक असते की गाळणीने अडत नाही.

इथे फॉस्फेट उपयोगी पडते. रसात चुन्याची निवळी घातली की चुन्यातले कॅल्शियम आणि रसातले फॉस्फेट मिळून कॅल्शियम फॉस्फेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. त्याचे मऊ, कापसासारखे पुंजके होतात, रंग आणि गाळ त्यांना चिकटतो आणि सगळा साका तळाशी बसतो. उसात फॉस्फेट मुळातच असते, पण त्याचे प्रमाण जमीन, जात आणि हंगामाप्रमाणे बदलते. दर लिटर रसात फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने सुमारे 300 मिलिग्रॅम फॉस्फेट असावे, असे साखर तंत्रज्ञ मानतात. ते कमी असले तर नुसत्या चुन्याने रस नीट निवळत नाही. म्हणून कारखान्यात तूट मोजून तेवढेच फॉस्फोरिक आम्ल घालतात, रस 70 ते 75 अंशांपर्यंत तापवून चुना व गंधकाचा वायू सोडतात, मग पुन्हा तापवून साका बसवतात. घातलेल्या फॉस्फेटाचा बहुतेक भाग या साक्याबरोबर बाहेर पडतो. त्यातून मिळणारी प्रेसमड खत म्हणून शेतात जाते. पांढऱ्या साखरेत फॉस्फरस जवळपास उरतच नाही.

गुऱ्हाळाची गोष्ट वेगळी. तिथे प्रयोगशाळा नसते. गुळव्याचा डोळा आणि हात हेच मोजमाप. जुनी रीत भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि थोडा चुना घालण्याची. चुलवाणावरची काहील तापली की मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. या रीतीने केलेला गूळ तांबूस होतो. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा असतो, ढेपेचा भाव रंगावर ठरतो, आणि त्या रंगापायी काहिलीत हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, फॉस्फोरिक आम्ल, काही ठिकाणी तर खताचे सुपरफॉस्फेटही पडते. हायड्रॉसचा पिवळेपणा टिकतही नाही. साठवणीत ढेप पुन्हा काळवंडते. अंदाजाने ओतलेल्या आम्लाचा आणखी एक तोटा आहे. आम्ल जास्त झाले की उकळत्या रसातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते, गूळ नीट बसत नाही, पावसाळ्यात पाणी सुटते. उलट चुना जास्त झाला की रंग काळा पडतो.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न इथे आहे. फॉस्फेट तेच, पण ते आले कुठून? सुपरफॉस्फेट हे रॉक फॉस्फेट नावाच्या खडकावर गंधकाम्लाची क्रिया करून बनवतात. या खडकात साधारण 3 ते 4 टक्के फ्लोरिन असते, शिवाय कमीजास्त कॅडमियम आणि इतर जड धातू. खत करताना हे सगळे पूर्णपणे काढून टाकले जात नाही, कारण खत जमिनीत टाकायचे असते, ताटात नव्हे. खाण्याच्या प्रतीचे फॉस्फोरिक आम्लही बहुधा याच खडकापासून निघते, पण त्याचे शुद्धीकरण करावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात किलोमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही. म्हणजे खताचे पोते आणि खाद्य प्रतीचा कॅन यांत नावापुरते साम्य आहे. सुपरफॉस्फेट काहिलीत घालणे ही अडाणी काटकसर नाही, तो खाणाऱ्याशी केलेला अन्याय आहे.

शुद्ध फॉस्फेटाबद्दल मात्र घाबरण्याचे कारण नाही. फॉस्फरस शरीराला लागतोच. प्रौढ माणसाच्या अंगात तो सुमारे 700 ग्रॅम असतो, त्यातला 85 टक्के हाडांत आणि दातांत. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात तो अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तेवढ्याच गुळात सुमारे 40. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 1982 मध्ये वजनाच्या दर किलोला रोज 70 मिलिग्रॅम फॉस्फरस ही कमाल मर्यादा दिली. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये ती 40 वर आणली. साठ किलोच्या माणसासाठी हा आकडा 2400 मिलिग्रॅम होतो, आणि त्यात जेवणातला नैसर्गिक फॉस्फरसही धरलेला आहे. भाजी-भाकरी-दुधाच्या जेवणात ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. पाकीटबंद पदार्थ आणि शीतपेये रोजची झाली की हिशेब बदलतो, लहान मुलांच्या बाबतीत तर लवकर बदलतो, कारण त्यांचे वजनच कमी असते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना हा दिलासा लागू नाही. धान्य-कडधान्यातला फॉस्फरस बराचसा फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि निम्म्याहून कमी शोषला जातो. पदार्थात घातलेले फॉस्फेट मात्र 90 टक्क्यांपर्यंत रक्तात उतरते. निरोगी मूत्रपिंड जास्तीचे बाहेर टाकते. ते निकामी होत आले की रक्तात फॉस्फेट साठते, हाडे ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसू लागते. 2019 ची मर्यादा अशा रुग्णांसाठी नाही, हे युरोपीय प्राधिकरणाने स्वतःच नोंदवले आहे.

पाकिटावर हे पदार्थ आकड्यांनी लिहिलेले असतात: आयएनएस 338 म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, 339 ते 343 सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम वगैरेंचे फॉस्फेट, 450 ते 452 पॉलिफॉस्फेटांचा गट. डायलिसिसवरच्या माणसाच्या घरी हे आकडे पाठ असावेत. गुळाच्या ढेपेवर असे काही छापलेले नसते. भारतीय मानकात, हायड्रॉसमुळे गुळात उरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला दहा लाखात 70 भागांची मर्यादा आहे, पण ती डोळ्यांनी तपासता येत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात एवढेच आहे की पिवळ्याधमक ढेपेला जास्त भाव देणे थांबवावे आणि तांबूस गूळ मागून घ्यावा.